बंद नोडवरचा पहारा

मशीन बंद झालं, चुलतबहीण मनस्वीच्या लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे आपापल्या घरी गेले, तरी हितेश खोलीतून बाहेर येईना. त्याच्या आईच्या, नम्रताच्या मनाला ही एकच गोष्ट कुरतडत होती. पतपेढीच्या काउंटरवर पावत्यांवर शिक्के मारताना, भाकरी थापताना, शेजारणीशी हसून बोलताना, मागे कुठेतरी ती गोष्ट होतीच. मशीनने पोराला बांधून ठेवलंय, असं घरातले सगळे म्हणायचे. तीही म्हणायची. मशीन बंद झालं की पोरगा सुटेल असं तिने धरून ठेवलं होतं. आता मशीन बंद झालं होतं. त्याची वायर तिने स्वतःच्या हाताने काढून, गुंडाळून, रबर लावून ठेवली होती. आणि हितेश होता तिथेच, त्याच खुर्चीत, टेबलाखालच्या मशीनच्या काळ्या डब्याकडे पाय करून. दुपारी डोळा लागला तरी मध्येच दचकून उठायचा, वाकून डब्यावरचा हिरवा दिवा बघायचा. दिवा नसायचा. मग तो पुन्हा आडवा व्हायचा आणि छताकडे बघत राहायचा.

हा मुलगा पहिल्यापासूनच असा होता का, हे ती आठवून बघायची. हट्टी नव्हता. उलट सांगितलेलं काम इतकं मनावर घ्यायचा की सांगणाऱ्याला भीती वाटावी. दुधाकडे लक्ष ठेव म्हटलं, तर गॅससमोर उभा राहून पापणी हलवायचा नाही. चौथीत फळ्यावर रोजची तारीख लिहायचं काम बाईंनी त्याच्याकडे दिलं होतं. अंगात ताप असताना हा दप्तर घेऊन निघाला. "मी नाही गेलो तर फळ्यावर कालचीच तारीख राहील," म्हणाला. तेव्हा प्रविण, त्याचा बाप, पोट धरून हसला होता. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ही गोष्ट सांगायचा.

त्यांचं मूळ गाव पेणच्या पुढे, धरमतरच्या खाडीला लागून. हितेशचे आजोबा काळुराम मिठागरात राबले आणि भातशेतीही सांभाळली. प्रविणला धाटावच्या एका कंपनीत नोकरी लागली, तसं बिऱ्हाड रोह्याला आलं. नम्रता बी.कॉम. झालेली, तिला पतपेढीत काम मिळालं. हितेश रोह्यातच वाढला, कॉम्प्युटरचं शिकला, नवी मुंबईत एका कंपनीत लागला. तिथे त्याचा सगळा विभागच एका शुक्रवारी बंद झाला. पोरगा बॅग घेऊन घरी आला, चप्पल जागेवर काढली, हात-पाय धुतले आणि म्हणाला, "आई, थोडे दिवस इथेच आहे."

त्या थोड्या दिवसांतच नोड घरात आला.

नोड म्हणजे काय, हे त्याने तिला स्वयंपाकघरात समजावलं होतं. ती मच्छी साफ करत होती, तो ओट्याला टेकून उभा.

"तुमच्या पतपेढीत खात्यांची नोंद कुठे असते?"

"कॉम्प्युटरवर. आणि मुख्य शाखेत."

"मुख्य शाखेतल्या माणसाने ती गुपचूप बदलली तर?"

"तर चेअरमनला खडी फोडायला पाठवतील."

"इथे चेअरमनच नाही. तीच नोंद जगभरातल्या शेकडो मशीनवर असते. नोंदींचा एक गठ्ठा तयार झाला की त्याला ब्लॉक म्हणायचं. त्यावर सगळ्या मशीननी सही करायची. मग पुढचा गठ्ठा. एकाने खोटं लिहिलं तर बाकीचे पकडतात. त्यातलं एक मशीन आपलं. तोच नोड."

"आणि पैसे?"

"पैसे खोटे. हे चाचणीचं नेटवर्क आहे, टेस्टनेट. खरं सुरू करायच्या आधी सगळं ठोकून-ठाकून बघतात."

बाहेरच्या खोलीतून प्रविणचा आवाज आला. तो शिफ्टवरून नुकताच आला होता. "म्हणजे खोट्या तिजोरीवर खरा वॉचमन! पगारसुद्धा खोट्या नोटांत देतील."

"पगार नाहीच पप्पा. पण ज्यांचा नोड न थांबता चालतो, त्यांना खऱ्या नेटवर्कवर घेतात. तिथून कामं मिळतात. घरी बसून."

"घरी बसूनच ना? ते तुला जमेल."

हितेश हसला होता. तेव्हा अजून हसत होता.

मशीन त्याने एसटी स्टँडजवळच्या बंद होणाऱ्या सायबर कॅफेतून आणलं. त्याची धूळ ब्रशने झाडली, आत नवी डिस्क बसवली, इंटरनेटची जाड लाईन घेतली, इन्व्हर्टरवरून वेगळं बटण काढलं. मग नेटवर्क जन्माला आल्यापासूनचे सगळे गठ्ठे आधी उतरवून घ्यायचे होते. ते उतरता उतरता डिस्क भरली. मोठी डिस्क आणली. पुन्हा सुरुवात. नेटवर्कवाल्यांनी मध्येच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढली, याची जुनी, म्हणून अर्ध्यावर सगळं अडकलं. पुन्हा सुरुवात. तो कंटाळला नाही. सुजय नावाचा एक मुलगा पुण्याहून भारतातल्या नोडवाल्यांचा गट सांभाळायचा, त्याला प्रश्न विचारून विचारून याने हैराण केलं असणार. आणि एका दुपारी, "आई, ये, ये लवकर!" अशी हाक आली. ती पिठाचे हात घेऊन धावली. पडद्यावर नावांची लांबलचक रांग होती, कुठल्या कुठल्या देशांतली. त्यात एक नाव त्याने बोटाने दाखवलं. खारेपाट. खाडीकाठच्या त्यांच्या पट्ट्याला म्हणतात तेच. त्यासमोर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"हे आपण," तो म्हणाला. "आपली सही झाली."

तिला फार बरं वाटलं होतं. खोटं का बोला.

मग मात्र फास हळूहळू आवळत गेला. इतका हळू की कधी आवळला ते कळलंच नाही. रोह्यात वीज जायची, ती कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसायचा. इन्व्हर्टर टिकला पाहिजे म्हणून वीज गेली की घरात मिक्सर नाही, फ्रीज नाही, हितेशच्या खोलीशिवाय पंखा नाही. नोड थांबला तर सह्या चुकतात, सह्या चुकल्या की क्रमांक घसरतो. हितेश आधी मित्रांकडे जायचा बंद झाला. मग दूध आणायला. मग अंघोळ करतानाही फोन खिडकीत ठेवायला लागला. कुंडलिकेच्या काठावर संध्याकाळी चक्कर मारायची त्याची सवय होती. "चल रे, पाय मोकळे करून येऊ," ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "तू जा आई, आज नेटवर्कवर अपडेट आहे." रोजच काहीतरी असायचं.

आणि एक दिवस त्याने तिचा फोन मागून घेतला. "मी झोपलो आणि मला ऐकू आलं नाही तर? तुझ्याकडेही अलर्ट येऊ दे." नोड थांबला की तिच्या फोनमध्ये टिटवी ओरडायची. टिटवीचा आवाज त्यानेच निवडला होता, तिला दुसऱ्या कुठल्या आवाजाशी गल्लत होऊ नये म्हणून. पतपेढीत खातेदारासमोर टिटवी ओरडली की नम्रता शिक्का खाली ठेवायची. ती घरी फोन लावायची. "अरे, बंद पडलंय!" "माहितीये आई, बघतोय." शेजारच्या टेबलावरची नमिता म्हणायची, "नम्रताताई, तुमच्या घरी आयसीयूचा पेशंट आहे की काय?"

प्रविणला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याची तऱ्हा वेगळी. "आमच्या प्लँटला पण शटडाऊन असतो वर्षातून एकदा," तो दारात उभा राहून म्हणायचा. "तुझ्या प्लँटला कधी असतो?" हितेश पडद्यावरून नजर काढायचा नाही. मग प्रविण जेवताना तिला सुनवायचा, "लाडावून ठेवलायस."

मनस्वीचं लग्न ठरलं तेव्हा खरा पेच आला. मनस्वी म्हणजे प्रविणच्या मोठ्या भावाची, गोविंदाची मुलगी. हितेशपेक्षा थोडी मोठी. दोघं सुट्टीत एका ताटात जेवलेली. हितेश म्हणाला, "मी नाही येणार." इतकं सरळ म्हणाला की नम्रताला क्षणभर आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. प्रविण ताटावरून उठला.

त्याच सुमाराला काळुराम डोळे तपासायला रोह्याला आले. आल्या आल्या त्यांनी नातवाच्या खोलीत खाटेवर बैठक मारली आणि त्या डब्याकडे बघत बसले.

"ह्याला सोरून जाता येत नाय म्हन्तोस?"

"नाही आजोबा. थांबलं तर सगळी मेहनत वाया."

"आपली उघाडी अशीच व्हती." खाडीच्या बांधाला पाणी जायला-यायला जे दार असतं, ते म्हणजे उघाडी. ओहोटीला उघडायची, भरती यायच्या आत लावायची. ती लावायची राहिली तर खारं पाणी साऱ्या गावाच्या भातात शिरतं आणि पुढची कित्येक वर्षं जमीन रडते. म्हणून गावाने पाळी लावलेली. "पन एकटा मानूस कवाच बसवला नाय आमी. दोगं लागतान. एक जेवाया गेला का दुसरा हाय. नाय तं मानूस येडा व्हईल रं."

"आणि दुसरा झोपला तर?" नम्रताने विचारलं.

"त मंग सकालला सगला गाव त्याच्या आयशीच्या नावानं वरडतो गो," काळुराम म्हणाले, आणि स्वतःच खी खी करून हसले.

हितेश हसला नाही. तो विचार करत होता. दोन दिवस तो नुसता काहीतरी टाईप करत होता आणि मग जेवायला बसल्यावर म्हणाला, "मी येतो हळदीला." नम्रताने पानात वाढलेला भात पुन्हा वाढला.

त्याने काय केलं, ते त्याने तिला समजावलं होतं. दुसरं एक जुनं मशीन आजोबांबरोबर गावी पाठवून गोविंदाकाकांच्या घरी माळ्यावर ठेवायचं. नोडची सही करायची एक गुप्त किल्ली असते, एक छोटीशी फाईल. तीच किल्ली दुसऱ्या मशीनवरही ठेवायची. रोह्याचं मशीन गप्प झालं की गावचं आपोआप उठेल आणि खारेपाटच्या नावाने सही करत राहील. उघाडीवर दोघं.

"हे चालतं का पण?" तिने विचारलं.

"चालेल. तपासलंय मी." आणि बऱ्याच दिवसांनी तो डोळ्यांत बघून बोलला.

हळदीच्या दिवशी ते पॅसेंजरने पेणला निघाले. निडी गेलं, नागोठणे गेलं. हितेश खिडकीशी बसला होता आणि सुरुवातीला फोन हातातच होता. कासूच्या पुढे त्याने तो खिशात टाकला. नम्रताने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

गावी मांडवात बेंजो वाजत होता. आत धवलारीण लग्नाची गाणी, धवळे, गात होती आणि सगुणा, हितेशची आजी, तिच्या मागून सूर ओढत होती. हळदीने माखलेल्या मनस्वीने हितेशला बघताच हळद लावणाऱ्या बाया सोडून आरोळी दिली.

"आला रे आला! नोडला विचारून आलास ना? सुट्टी मंजूर झाली?"

"अर्धा दिवस," हितेश म्हणाला.

"मग अर्धीच हळद लावते." आणि तिने त्याच्या एका गालाला हळद फासली.

तो नाचला. नम्रता खांबाला टेकून बघत होती. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, एका गालाला हळद, चुलत भावांच्या खांद्यावर हात. हा तिचा मुलगा होता, ती विसरूनच गेली होती. एवढ्यात तिच्या कमरेच्या पिशवीत टिटवी ओरडली. रोह्याची वीज गेली असणार, इन्व्हर्टर संपला असणार. तिने हितेशकडे बघितलं. हितेश नाचातून बाहेर आला, खिशातून फोन काढला आणि तिला दाखवला.

"बघ. गोविंदाकाकांच्या माळ्यावरचा उठला. एकही सही चुकली नाही."

"मग जा, नाच."

"आधी जेवतो. भूक लागलीये."

भूक लागलीये, हे शब्द तिने कधीपासून ऐकले नव्हते.

तो पानावर बसला होता, तेव्हा रोह्याला वीज आली. वीज आली की मशीन आपसूक सुरू व्हावं, ही सोय त्यानेच फार आधी करून ठेवली होती. पहिल्या महिन्यातच, विजेला कंटाळून. ती सोय तो विसरला होता. रोह्याचं मशीन जागं झालं, त्याने आपली किल्ली घेतली आणि सही केली. इकडे माळ्यावरचंही सही करत होतं. एकाला दुसऱ्याची कल्पना नव्हती.

फोन पुन्हा वाजला, फक्त त्याचा. त्याने वाचलं. हातातला घास त्याने पानात परत ठेवला.

"काय झालं?"

"दोघांनी सही केली."

"कोणी दोघांनी?"

"आपणच. रोह्याहून आणि इथून. एकाच क्रमांकाच्या गठ्ठ्यावर, दोन वेगवेगळ्या. नेटवर्कला वाटतं हा फसवतोय. त्याने खारेपाटला बाहेर काढलं."

"मग परत घेतील ना? चूक झाली म्हणून सांग."

"कायमचं काढतात आई. आणि सांगायला कुणी नसतं तिथे."

बेंजोवाल्याने नवं गाणं धरलं. कुणीतरी हितेशच्या पानात आणखी मटण वाढून गेलं.

लग्न पार पडलं. हितेशने मनस्वीला निरोप दिला, फोटोतही उभा राहिला. रोह्याला आल्यावर त्याने मशीन बंद केलं. प्रविणने मोठ्याने "सुटलो बुवा!" म्हटलं. नम्रताने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण मनातून तीही तेच म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तिने वीज गेलेली असताना, मुद्दाम, इन्व्हर्टरवर मिक्सर लावला आणि नारळाची चटणी वाटली. टिटवी फोनमधून काढून टाकली. घर मोकळं झाल्यासारखं वाटलं. खोलीचं दार मात्र लोटलेलंच राहिलं.

दुःख आहे, ओसरेल, असं तिने धरलं. सुजयचा फोन तिच्या फोनवर आला तेव्हा तर तिला फार आशा वाटली. हितेशने दुसरा नंबर म्हणून तिचाच दिलेला होता.

"काकू, हितेश मेसेज बघत नाहीये. बरा आहे ना?"

"बरा आहे," ती सवयीने म्हणाली. मग म्हणाली, "नाही रे. जेवत नाही नीट."

"काकू, त्याला सांगा, हे टेस्टनेट आहे. इथे चुका व्हाव्यात म्हणूनच तर ते असतं. अशी दुहेरी सही आणखी दोघांची झालीये. नवी किल्ली, नवं नाव, पुन्हा पहिल्यापासून, इतकंच. आणि त्याने काय झालं ते गटाला सांगितलं तर आम्ही सूचनांमध्ये टाकू. उपयोग होईल सगळ्यांना."

तिने हे शब्दन् शब्द हितेशला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "सुजय चांगला आहे," एवढंच म्हणाला. नवी किल्ली काही केली नाही.

मग तिने ठरवलं, याला घराबाहेर काढायचंच. रविवारी सकाळी स्कूटी काढली. "कुंडलिकेवर जाऊन येऊ. अर्धा तास. मशीन तर बंदच आहे." त्यानेही ना म्हटलं नाही. केस विंचरले, चप्पल घातली, पायऱ्या उतरला. फाटकापाशी आला आणि थांबला. तिने स्कूटी सुरू केली होती. मागे वळून बघितलं, तर त्याच्या कपाळावर घाम, आणि एक हात फाटकाच्या गजावर घट्ट.

"काय होतंय?"

"एक मिनिट. बटण बघून येतो."

"कसलं बटण?"

तो आत गेला. ती स्कूटी बंद करून मागोमाग गेली. हितेश टेबलाखाली वाकून बसला होता. भिंतीवरचं बटण बंद होतं, वायर गुंडाळून रबर लावलेली. त्याने बटणाला हात लावून बघितलं, वायरीला हात लावून बघितलं, आणि पुन्हा बटणाला.

"हितेश, त्यात वीजच नाही राजा."

"माहितीये."

"मग?"

"माहितीये मला आई. बंद आहे ते माहितीये. पण बाहेर पाऊल टाकलं की वाटतं, आता काहीतरी थांबेल. माझ्यामुळे."

"काय थांबेल?"

त्याने वायरीवरचं रबर काढून पुन्हा लावलं. "कळत नाही," तो म्हणाला.

त्या दिवशी नम्रताला समजलं, की मशीनने याला धरलेलंच नव्हतं. म्हणजे धरलं होतं, पण त्याच्याआधीच काहीतरी धरून बसलं होतं. फळ्यावरच्या तारखेपासून. आणि त्या तारखेच्या गोष्टीवर ते सगळे हसले होते.

घरात सल्ले काय कमी होते? प्रविण म्हणाला, "माझ्या साहेबांशी बोलतो. शिफ्ट लागली की डोकं ताळ्यावर येईल." काही दिवसांनी तो साहेबांशी बोललाही. हितेशला कंपनीच्या बसने जायचं होतं. बस नाक्यावर थांबून, भोंगा वाजवून त्याच्याविनाच गेली. त्यानंतर प्रविणचा आवाज चढला तो चढलाच. सगुणाने गावाहून फोन करून सांगितलं, "नजर लागली गो त्याला, एवढा नाचला मांडवात. मीठ-मिरची उतर." नम्रताने उतरली. शिकलेली होती, तरी उतरली. मिरच्यांचा ठसका घरभर झाला, हितेश खोकत म्हणाला, "काय हे आई," आणि दोघं थोडंसं हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.

नमिताने मात्र वेगळं काहीतरी सांगितलं. पतपेढीत जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, जरा आवाज खाली करून. "रागावू नका ताई. आमच्या सासूबाईंना आम्ही पेणला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. कुलूप लावलंय का बघायला दिवसातून कितीदा तरी उठायच्या. आता बऱ्या आहेत." आणि तिने नंबर पाठवला.

नंबर फोनमध्ये येऊन पडला. नम्रताने तो साठवला, नाव मात्र लिहिलं नाही. मनाचा डॉक्टर. दवाखाना पेणच्या बाजारपेठेत, बाहेर बाकं मांडलेली, समोर मनस्वीच्या सासरच्यांचं कापडाचं दुकान. तिथे बसलं की संध्याकाळपर्यंत खाडीकाठच्या साऱ्या गावांत बातमी. उद्या पोरगी बघायला गेलो की लोक काय म्हणतील? प्रविण काय म्हणेल? "माझा पोरगा येडा हाय काय?" असंच म्हणेल. रागात तो गावचंच बोलतो. आणि हितेशला काय वाटेल, आपल्या आईलाही आपण वेडे वाटतो? ती हा सगळा विचार करायची आणि फोन बाजूला ठेवायची. मग घरी जाऊन लोटलेल्या दारासमोर उभी राहायची. आतून खुर्चीचा आवाज यायचा, वाकल्याचा, पुन्हा बसल्याचा.

शनिवारी पतपेढी अर्धा दिवस होती. प्रविण दुपारच्या शिफ्टला गेला होता. तिने पोहे केले आणि दोन बशा घेऊन खोलीत गेली. खाटेवर बसली. खाणं चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या घरात कुणाचा तरी फोन वाजला. साधी घंटी.

हितेश तिच्याकडे बघत होता.

"काय रे?"

"तू अजून बघतेस."

"काय बघते?"

"कुणाचाही फोन वाजला की तू आधी माझ्याकडे बघतेस. मग दिव्याकडे. मग पंख्याकडे. टिटवी काढून टाकलीस ना? तरीपण."

खरंच होतं. पतपेढीतही तसंच होत होतं. ट्यूब लुकलुकली तरी तिचा हात पर्सकडे जायचा.

"मला वाटलं फक्त मलाच होतंय," हितेश म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. थोडं आश्चर्य होतं.

नम्रताने बशी खाली ठेवली. "मी एका डॉक्टरांना फोन करणार आहे," ती म्हणाली. "पेणचे. असल्या गोष्टींचे."

त्याने पोह्यातला शेंगदाणा बशीच्या कडेला सारला. खिडकीबाहेर कुणीतरी रिक्षा मागे घेत होतं.

"काय सांगणार त्यांना?"

"आहे ते. फाटकापर्यंत जातोस आणि परत येतोस. झोपेतून उठून दिवा बघतोस."

"आणि तुझं?"

"माझंही सांगेन."

"पप्पा ओरडतील."

"ओरडू देत. त्यांना रात्री मी सांगेन. आधी फोन."

"मला बोलता येणार नाही आई. फोनवर तर नाहीच."

"नको बोलूस. इथे बस फक्त."

त्याने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते तिला नीट कळलं नाही, पण तो खुर्चीतून उठून खाटेवर तिच्या शेजारी येऊन बसला. तिने पदराला हात पुसले, फोन घेतला आणि बिननावाचा तो नंबर शोधायला लागली.